बेरीज आणि भागाकार : बेसबॉल मोसमाचा शेवटचा पंधरवडा

मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. मार्चअखेरीला सुरू झालेली ही धावपळ सप्टेंबरअखेरीला थांबते आणि मग बाद फेरी लागते. या दिवसांत वाचकांचे प्रश्न संघांच्या क्रमवारीपेक्षा खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवरच जास्त येतात. त्यांतले काही या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सरासरीत पहिला असलेला फलंदाज शेवटचे दोन-तीन सामने बाहेर बसतो, पण होमरनच्या मागे लागलेला एकही सामना सोडत नाही. एकाच खेळात असं उलटसुलट का?

उत्तर : एकाचा हिशेब बेरजेचा आहे, दुसऱ्याचा भागाकाराचा. होमरन (कुंपणापलीकडे मारलेला फटका), हिट (फटका मारून सुरक्षित गाठलेला बेस), चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेला पुढचा बेस), पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि विजय हे आकडे फक्त वर जातात. कितीही वाईट दिवस गेला तरी ५८ होमरनचे ५७ होत नाहीत. म्हणून अशा टप्प्याच्या मागे असलेल्याला एकच गोष्ट हवी असते, जास्तीत जास्त संधी. बाहेर बसणं म्हणजे त्याचं निव्वळ नुकसान.

सरासरीत मात्र प्रत्येक अपयश छेदात जाऊन बसतं. समजा ५०० अ‍ॅट-बॅटमध्ये १५० हिट आहेत, म्हणजे सरासरी .३००. एका संध्याकाळी चारपैकी शून्य झालं की १५० भागिले ५०४, म्हणजे .२९८. पुन्हा .३०० दिसण्यासाठी पुढच्या तीन अ‍ॅट-बॅटमध्ये दोन हिट लागतात. ती संधी मिळायला सामने उरले नसतील तर विषय संपला. क्रिकेटमध्ये नाबाद राहून सरासरी फुगते. इथे नाबाद ही कल्पनाच नाही, त्यामुळे आकडा वाचवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे न खेळणं.

छेदात काय जातं आणि काय नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. फलंदाज प्लेटवर आला आणि त्याची पाळी पूर्ण झाली की एक प्लेट अपिअरन्स. त्यातून वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळालेला बेस), अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस, सॅक्रिफाइस बंट (धावपटूला पुढे न्यायला चेंडू हळूच टेकवून स्वतः आउट होणं), सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जातो पण धावपटू रन काढतो असा उंच फटका) आणि प्लेटमागच्या कॅचरचा अडथळा वगळले की उरतो तो अ‍ॅट-बॅट. सरासरी अ‍ॅट-बॅटवर काढतात. त्यामुळे वॉक घेणाऱ्याची सरासरी हलत नाही. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेसवर पोहोचलेला फलंदाज मात्र तोट्यात जातो, कारण अ‍ॅट-बॅट मोजला जातो आणि हिट मिळत नाही.

प्रश्न : एका फलंदाजाची सरासरी यादीतल्या पहिल्यापेक्षा जास्त आहे, तरी यादीत त्याचं नावच नाही. ५०२ची अट नेमकी काय असते?

उत्तर : सरासरीच्या किताबासाठी संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ प्लेट अपिअरन्स हवेत. १६२ गुणिले ३.१ म्हणजे ५०२.२, म्हणून ५०२. इथे अ‍ॅट-बॅट नव्हे, अपिअरन्स मोजतात. पूर्वी भरपूर वॉक घेणाऱ्यावर अन्याय व्हायचा तो या बदलाने थांबला.

पण ही अट पोलादी नाही. फलंदाज कमी पडत असेल तर जितके अपिअरन्स कमी, तितके हिट नसलेले अ‍ॅट-बॅट त्याच्या हिशेबात कल्पून घालतात. एवढं करूनही तो पहिला राहिला तर किताब त्याचाच. १९९६ मध्ये सॅन डिएगोच्या टोनी ग्विनचे ४९८ अपिअरन्स झाले होते, चार कमी. त्याच्या ४५१ अ‍ॅट-बॅटमध्ये १५९ हिट होत्या, सरासरी .३५३. छेदात चार घातले, १५९ भागिले ४५५, म्हणजे .३४९. दुसरा होता कोलोरॅडोचा एलिस बर्क्स, .३४४ वर. किताब ग्विनला मिळाला आणि नोंदवहीत सरासरी .३५३च राहिली. ते चार अ‍ॅट-बॅट फक्त तुलनेपुरते होते. खेळाच्या नियमांत इतकी समंजस तरतूद क्वचितच सापडते.

पिचरला ही सवलत नाही. ईआरएच्या (नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकीविना गेलेले रन) किताबासाठी संघाच्या सामन्यांइतक्या, म्हणजे १६२ इनिंग टाकाव्याच लागतात. इथे वाचक हमखास एक चूक करतात. १५८.२ असं छापलेलं असतं त्याचा अर्थ १५८ इनिंग आणि दोन आउट, म्हणजे १५८ पूर्णांक दोन तृतीयांश. अशा पिचरला आणखी १० आउट हवे असतात. त्याच्यावर ५० अर्न्ड रन असतील तर ईआरए २.८४ आहे. पण ते १० आउट मिळवताना चार रन गेले तर तो नेमका ३.०० होतो. पात्र होण्याच्या नादात किताब हातचा जाऊ शकतो तो असा.

प्रश्न : टेड विल्यम्स १९४१ मध्ये शेवटच्या दिवशी बाहेर बसला असता तरी .४०० झाले असते ना? मग तो खेळला ही बहादुरी म्हणायची की अनावश्यक धोका? आणि बाहेर बसणाऱ्यांना काय म्हणायचं?

उत्तर : आधी आकडे पाहू. २८ सप्टेंबर १९४१ च्या सकाळी बॉस्टनच्या विल्यम्सच्या नावावर ४४८ अ‍ॅट-बॅटमध्ये १७९ हिट होत्या. भागाकार .३९९५५. तीन स्थानांपर्यंत पूर्णांकित केला की .४००. त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कमध्ये दोन सामने होते. व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला बसायची मोकळीक दिली होती.

दोन्ही सामन्यांत मिळून आठ अ‍ॅट-बॅट होणार असतील तर .४०० राखायला किती हिट हव्यात? तीन मिळाल्या असत्या तर १८२ भागिले ४५६, म्हणजे .३९९. गेले. म्हणजे किमान चार हव्यात, आठांत चार. .४०० च्या फलंदाजासाठीही हा सरासरीपेक्षा चांगला दिवस झाला. विल्यम्सने पहिल्या सामन्यात पाचांत चार आणि दुसऱ्यात तीनांत दोन हिट मारल्या. १८५ भागिले ४५६, म्हणजे .४०६. पहिल्या सामन्यानंतर तो .४०४ वर होता आणि तेव्हाही थांबू शकला असता, हे अनेकदा सांगायचं राहून जातं. शिवाय त्या वर्षी सॅक्रिफाइस फ्लायसुद्धा अ‍ॅट-बॅटमध्ये मोजत. आजचा नियम १९५४ पासूनचा आहे. म्हणजे आजच्या फूटपट्टीने त्याचा छेद आणखी लहान झाला असता.

आठ वर्षांनी नेमका हाच भागाकार विल्यम्सच्या विरोधात गेला. १९४९ च्या अखेरच्या दिवशी डेट्रॉइटचा जॉर्ज केल त्याच्या मागे होता. विल्यम्सला त्या दिवशी एकही हिट मिळाली नाही, केलने तीनांत दोन मारल्या. विल्यम्सचे १९४ भागिले ५६६, म्हणजे .३४२७६, आणि केलचे १७९ भागिले ५२२, म्हणजे .३४२९१. छापलेल्या यादीत दोघंही .३४३, पण किताब केलचा. नवव्या इनिंगमध्ये केलची पाळी येऊ घातली होती. त्याच्याऐवजी दुसरा फलंदाज पाठवायची तयारी होती, त्याने नकार दिला आणि तो पुढच्या फलंदाजाच्या ऑन-डेक वर्तुळात जाऊन उभा राहिला. आधीचा फलंदाज एडी लेक डबल-प्लेमध्ये (एकाच चेंडूवर दोघं आउट) सापडला आणि सामना तिथेच संपला. केल प्लेटवर येऊन आउट झाला असता तर १७९ भागिले ५२३, म्हणजे .३४२२६, आणि किताब विल्यम्सला गेला असता. होमरनमध्ये तो पहिला होताच आणि रन बॅटेड इनमध्ये (फलंदाजाच्या फटक्यावर आलेले रन) संघातल्याच व्हर्न स्टीफन्सबरोबर अव्वल होता. म्हणजे एका अ‍ॅट-बॅटवर ट्रिपल क्राउन (या तिन्ही आकड्यांत पहिला येण्याचा मान) अडला होता.

आता बसणाऱ्यांविषयी. १९७६ मध्ये सिनसिनाटीचा केन ग्रिफी (थोरला) .३३८ वर असताना शेवटच्या दिवशी बाहेर बसला. शिकागोच्या बिल मॅडलॉकने दुसऱ्या मैदानावर चारपैकी चार हिट मारून .३३९ गाठली. बातमी पोहोचल्यावर ग्रिफीला घाईने उतरवलं आणि दोनांत शून्य झालं. किताब गेला. २०११ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या होसे रेयेसने शेवटच्या सामन्यात पहिल्या इनिंगमध्ये बंट करून हिट मिळवली आणि लगेच मैदान सोडलं. त्याची सरासरी .३३७ राहिली. मिलवॉकीचा रायन ब्राउन .३३२ वर थांबला.

दुखापत नसताना किताबासाठी बाहेर बसणं पटत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. सरासरी हे मोसमभराच्या खेळाचं मोजमाप आहे आणि मोसम शेवटच्या दिवशी संपतो. पण बाद फेरी चार दिवसांवर असेल आणि संघाची जागा पक्की असेल तर विश्रांती हा वेगळा विषय आहे. तिथे किताबाचा हेतू चिकटवू नये.

प्रश्न : ५९ किंवा ६० होमरनवर आल्यावर फलंदाज आठवडाभर अडकून का पडतो? दडपणाने की पिचर चेंडूच देत नाहीत म्हणून?

उत्तर : दोन्ही असेल, पण आधी साधं गणित पाहा. एखादा फलंदाज दर १५ अपिअरन्समागे एक होमरन मारतो, म्हणजे मोसमात ४० च्या आसपास. सात सामन्यांत त्याचे सुमारे ३० अपिअरन्स होतील. त्या ३० मध्ये एकही होमरन न येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, जवळजवळ आठात एक. असे कोरडे आठवडे मोसमात दोन-तीनदा येऊन जातात. मे महिन्यात ते कुणी मोजत नाही. सप्टेंबरात मोजलं जातं, म्हणून ते दडपण वाटतं.

२०२२ मध्ये यँकीजच्या अ‍ॅरन जजने ६०वा होमरन २० सप्टेंबरला मारला, ६१वा २८ सप्टेंबरला टोरांटोत आणि ६२वा ४ ऑक्टोबरला टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये. त्या वर्षी करारवादामुळे मोसम उशिरा सुरू झाला म्हणून शेवट ऑक्टोबरात गेला. या टप्प्यात व्यवस्थापकाने त्याला फलंदाजीत पहिल्या क्रमांकावर पाठवलं. फलंदाजीच्या क्रमात प्रत्येक पायरी वर गेलं की पूर्ण मोसमात साधारण १८ अपिअरन्स वाढतात. दहा सामन्यांत हा फायदा एखाद-दुसऱ्या अपिअरन्सचाच, पण बेरजेच्या विक्रमाला तोही पुरतो. ६२वा होमरन त्याने सामन्याच्या पहिल्याच पाळीत मारला. त्याच मोसमात तो ट्रिपल क्राउनच्याही मागे होता. तिथे भागाकार आडवा आला. जज .३११, मिनेसोटाचा लुईस अराएझ .३१६.

पिचर टाळतात ते पहिला बेस रिकामा असताना आणि फरक एक-दोन रनचा असताना. २०१७ पासून हेतुपुरस्सर वॉकसाठी चार चेंडू टाकावे लागत नाहीत, डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतून, खूण केली की झालं. म्हणून विक्रमाच्या मागे असलेल्या फलंदाजासाठी त्याच्या पाठीमागचा फलंदाज कोण, हे बघा. तो तगडा असेल तर वॉक महाग पडतो.

हवेचाही हात असतो. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की ४०० फुटांचा फटका साधारण ३ ते ४ फूट आधी पडतो. उत्तरेकडच्या उघड्या मैदानांवर सप्टेंबरच्या रात्री ऑगस्टपेक्षा बऱ्याच गार असतात आणि कुंपणालगत पकडलेले झेल वाढतात.

२०२५ मध्ये सिअ‍ॅटलचा कॅचर कॅल रॅली २४ सप्टेंबरला एकाच सामन्यात ५९ आणि ६० वर पोहोचला. त्याच रात्री संघाने विभागही जिंकला. पुढच्या सामन्यांत आणखी एकही होमरन आला नाही आणि जजचा ६२ चा अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल) विक्रम शाबूत राहिला. कॅचरच्या पाठीवर मोसमभराचं बसणं-उठणं साचलेलं असतं, हे ध्यानात घेतलं तर ६० हाच आकडा थक्क करणारा आहे.

प्रश्न : यँकीजच्या रॉजर मॅरिसच्या ६१ होमरनच्या विक्रमापुढे तारांकित चिन्ह होतं का?

उत्तर : नाही. बेब रूथने १९२७ मध्ये १५४ सामन्यांच्या मोसमात ६० मारले. अमेरिकन लीगचा मोसम १९६१ मध्ये १६२ चा झाला आणि मॅरिसने ६१वा शेवटच्या दिवशी, १ ऑक्टोबरला मारला. बॉस्टनचा पिचर ट्रेसी स्टॅलर्ड, चौथी इनिंग, आणि यँकीजने तो सामना त्या एका रनवर १-० जिंकला. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी १५४ सामन्यांनंतरचा विक्रम वेगळा नोंदवावा असं आधीच जाहीर केलं होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं दोन ओळी छापल्या गेल्या. १९९१ मध्ये हा भेद काढून टाकला.

प्रश्न : ४०-४० किंवा ५०-५० च्या (तितके होमरन आणि तितक्याच चोऱ्या) मागे लागलेल्या खेळाडूने सामना हातचा गेलेला असताना बेस चोरले तर ते मोजतात का?

उत्तर : नेहमी नाही. प्रतिस्पर्ध्याने धावपटूला रोखायचा प्रयत्नच केला नाही तर अधिकृत स्कोअरर ती चोरी धरत नाही. याला डिफेन्सिव्ह इनडिफरन्स म्हणतात आणि त्याची नोंद फील्डर्स चॉइस अशी होते. पहिल्या बेसचा क्षेत्ररक्षक बेस सोडून मागे उभा आहे, कॅचरने फेकलं नाही, फरक सहा-सात रनचा आणि इनिंग नववी, अशा वेळी चोरी मिळत नाही. म्हणून आकड्याच्या मागे असलेला जाणता धावपटू सुरुवातीच्या इनिंगमध्ये पळतो.

शोहेई ओतानीने १९ सप्टेंबर २०२४ ला मायामीत नेमकं तेच केलं. सामन्याआधी तो ४८ होमरन आणि ४९ चोऱ्यांवर होता. पहिल्या इनिंगमध्ये डबल (दोन बेसचा फटका) मारून त्याने तिसरा बेस चोरला, ५० झाल्या. दुसऱ्या इनिंगमध्ये एक रन आणणारी हिट आणि पुन्हा चोरी, ५१. चोऱ्यांचं काम दोन इनिंगमध्ये उरकलं. मग सहाव्या, सातव्या आणि नवव्या इनिंगमध्ये तीन होमरन. सहापैकी सहा हिट, १० रन बॅटेड इन, सामना २०-४. मोसमाअखेर ५४ आणि ५९.

यातला शेवटचा होमरन विदाल ब्रुहानच्या चेंडूवर होता, आणि ब्रुहान पिचर नाही. मोठ्या फरकाने हरणारा संघ आपले पिचर वाचवायला क्षेत्ररक्षकाला चेंडू देतो. नियमानुसार मागे असलेला संघ किमान आठ रनने मागे असेल तरच हे करता येतं, आणि पुढे असलेला संघ नवव्या इनिंगमध्ये दहा रनने पुढे असेल तर. होमरन कुणाच्याही चेंडूवर मारला तरी नोंद सारखीच.

२०२३ पासून चोरी सोपी झाली हे खरंच. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरला एका फलंदाजासमोर आपल्या रबरच्या पट्टीवरून पाय काढायची फक्त दोनदा मुभा राहिली. तिसऱ्यांदा धावपटू आउट झाला नाही तर बॉक (पिचरचा नियमभंग) धरतात आणि धावपटूला पुढचा बेस मिळतो. त्याच वर्षी अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्याने ४१ होमरन आणि ७३ चोऱ्या केल्या. तरीही टप्पा आपोआप हाती येत नाही. २०२५ मध्ये मेट्सच्या हुआन सोटोने ४३ होमरन मारले आणि तो ३८ चोऱ्यांवर थांबला.

प्रश्न : हिट की एरर, हे कोण ठरवतं? नंतर बदलतं का?

उत्तर : पंच नव्हे, प्रेस बॉक्समध्ये बसलेला अधिकृत स्कोअरर ठरवतो. सर्वसाधारण प्रयत्नात क्षेत्ररक्षकाने आउट करायला हवं होतं असं त्याला वाटलं तर एरर. सामना संपल्यावर २४ तासांत तो आपला निर्णय बदलू शकतो. खेळाडू किंवा संघ ७२ तासांत लीगकडे दाद मागू शकतो. म्हणून शेवटच्या आठवड्यातली सरासरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावी.

२९ सप्टेंबर १९७२ ची संध्याकाळ बघा. पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे २,९९९ हिटवर होता, समोर मेट्सचा टॉम सीव्हर. पहिल्याच पाळीत चेंडू जमिनीवरून उसळत गेला आणि दुसऱ्या बेसच्या केन बॉसवेलच्या हाताला लागून सुटला. प्रेक्षकांनी ३,०००वी हिट समजून जल्लोष सुरू केला आणि मग फलकावर एररची खूण आली. दुसऱ्या दिवशी जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर क्लेमेंटेने डबल मारला. ती ३,०००वी, आणि नियमित मोसमातली शेवटची. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारं विमान कोसळलं आणि तो गेला. आदल्या दिवशी स्कोअररने हात सैल सोडला असता तर ती हिट कायम वादाची राहिली असती. तो कडक राहिला आणि ३,०००वी निर्विवाद डबल झाली.

जुन्या नोंदीही दुरुस्त होतात. हॅक विल्सनच्या १९३० च्या १९० रन बॅटेड इनचे १९९९ मध्ये १९१ झाले.

प्रश्न : पिचरच्या टप्प्यांसाठी व्यवस्थापक काय काय जुळवाजुळव करतात?

उत्तर : दिवस जुळवतात. सुरुवातीचा पिचर दर पाच-सहा दिवसांनी उतरतो. त्यामुळे १५ सप्टेंबरनंतर त्याच्या वाट्याला तीनच सामने उरतात. मधल्या सुट्टीचा दिवस कुणाला द्यायचा यावर तीनचे कधी दोन होतात, कधी चार.

स्ट्राइकआउट हा बेरजेचा टप्पा आहे, म्हणून तो पूर्ण होताच पिचरला काढता येतं. २०१५ च्या शेवटच्या दिवशी डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ २९४ वर होता. बाद फेरी तोंडावर असल्याने त्याला चारही इनिंग पूर्ण टाकू दिल्या नाहीत. त्याने ३ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगमध्ये सात स्ट्राइकआउट घेतले, ३०१ झाले आणि तो बाहेर आला. याच्या अगदी उलट नोलन रायन, २७ सप्टेंबर १९७३. सँडी कूफॅक्सचा ३८२ चा विक्रम मोडायला त्याला एकाच सामन्यात १६ हवे होते. पंधरावा आठव्या इनिंगमध्ये मिळाला आणि मग दोन इनिंग एकही नाही. मिनेसोटाविरुद्धचा सामना बरोबरीत असल्याने लांबला, रायन टाकत राहिला आणि अकराव्या इनिंगमध्ये रिच रीज सोळावा ठरला. ३८३. त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फलंदाजी करणारा) आला होता, म्हणजे फलंदाजीला येणारा पिचर, सगळ्यांत सोपं सावज, त्याच्या वाट्याला आलाच नाही.

विजयाचं तसं नाही. सुरुवातीच्या पिचरला किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात, तो बाहेर पडताना संघ पुढे हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. शेवटचं त्याच्या हातात नसतं. माइक मुसिना कारकिर्दीत दोनदा १९ वर अडकला होता. २८ सप्टेंबर २००८ ला, ३९व्या वर्षी, फेनवे पार्कमध्ये त्याला विसावा विजय मिळाला आणि त्यानंतर तो निवृत्त झाला.

प्रश्न : सलग सामन्यांत हिट मारण्याची मालिका मोसम संपला की तुटते का?

उत्तर : नाही, पण तिची नोंद दोन प्रकारे होते. फिलाडेल्फियाच्या जिमी रॉलिन्सने २००५ चा मोसम सलग ३६ सामन्यांवर संपवला आणि २००६ मध्ये ती मालिका ३८ वर नेली. एकाच मोसमातली त्याची मालिका ३६, एकूण ३८. मधल्या एखाद्या सामन्यात सगळे अपिअरन्स वॉक, अंगावर लागलेला चेंडू, अडथळा किंवा सॅक्रिफाइस बंट असतील तर मालिका जिवंत राहते. सॅक्रिफाइस फ्लाय असून हिट नसेल तर ती तुटते. सरासरीत न मोजलेली सॅक्रिफाइस फ्लाय इथे अशी नडते.

प्रश्न : ऑगस्टअखेर दुसऱ्या लीगमध्ये गेलेल्या खेळाडूचा किताब राहतो का?

उत्तर : राहतो, पात्रता आधीच पूर्ण झालेली असेल तर. १९९० मध्ये सेंट लुईसचा विली मॅगी .३३५ वर असताना अमेरिकन लीगमधल्या ओकलंडला गेला. नॅशनल लीगमधली त्याची सरासरी तिथेच गोठली आणि महिनाभर दुसरीकडे खेळत असताना तोच किताबाचा मानकरी ठरला. डॉजर्सचा एडी मरी .३३० वर दुसरा. दोन्ही लीगचे आकडे एकत्र धरून मोसमातली सर्वोत्तम सरासरी मरीचीच होती. तरीही किताब नाही, कारण किताब लीगचा असतो.

प्रश्न : आकड्यांवर खेळाडूला जास्तीचे पैसे मिळतात का? आणि टप्पा टाळण्यासाठी कुणी बसतं का?

उत्तर : मेजर लीगच्या करारात होमरन किंवा सरासरीवर बोनस लिहिता येत नाही. सामने, प्लेट अपिअरन्स, इनिंग, रोस्टरवरचे (संघाच्या चालू यादीतले) दिवस आणि पुरस्कार यांवर येतो. म्हणून सप्टेंबरात ४९६ अपिअरन्सवरच्या साध्या खेळाडूची पाळीही बघण्यासारखी असते. ५०० ची पायरी करारात असेल तर दोन सामन्यांत मोठी रक्कम ठरते.

टाळणंही असतं. १३० अ‍ॅट-बॅट किंवा पिचरच्या ५० इनिंग ओलांडल्या की खेळाडू पुढच्या वर्षी नवोदितांच्या पुरस्कारासाठी नवखा राहत नाही. १ सप्टेंबरला रोस्टर २६ वरून २८ चा होतो, तेव्हा आलेला होतकरू फलंदाज १२० च्या आसपास अचानक बसायला लागला तर हे कारण तपासा.

प्रश्न : घरबसल्या पाठलाग नोंदवायचा असेल तर वहीत काय लिहावं?

उत्तर : बेरजेच्या टप्प्यासाठी तीन रकाने पुरतात : बाकी आकडा, बाकी सामने, आणि मोसमभरात एका होमरनमागे किती अपिअरन्स लागले. बाकी सामने गुणिले ४.३ केले की उरलेल्या अपिअरन्सचा अंदाज येतो. पहिल्या तीन क्रमांकांवरचा फलंदाज असेल तर ४.५ धरा.

सरासरीसाठी उलटं चाला. समजा ५४० अ‍ॅट-बॅटमध्ये १६५ हिट आहेत, सहा सामने बाकी आणि लक्ष्य .३१०. सहा गुणिले चार, २४ अ‍ॅट-बॅट धरा. छेद ५६४. लक्ष्य .३१० धरू नका, .३०९५ धरा, कारण पूर्णांकित होऊन तेच दिसतं. ५६४ गुणिले .३०९५ म्हणजे १७४.५६, म्हणून १७५ हिट. बाकी दहा, २४ मध्ये. प्रतिस्पर्ध्यासाठीही हेच मांडा, पण दोघं जवळ असतील तर पाच स्थानांपर्यंत भागाकार करा. रोज सकाळी आदल्या दिवशीचे स्कोअररचे बदल आधी नोंदवा, मगच नवा आकडा लिहा.